काशीबाई एक नव्हे, दोन

गोदाकाठ (रविवार, रात्री ९:१०)

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तोच मजकूर फिरतो. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा, दिवस गेलेले, जीव द्यायला निघालेली. जोतीराव तिला अडवतात, घरी आणतात, सावित्रीबाई बाळंतपण करतात, मूल दत्तक घेतात आणि तोच पुढे डॉक्टर यशवंत. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. यंदा मी लिहिलं, की अहो, यात दोन वेगळ्या बायकांची एक बाई झालीय. मावसभावाचं उत्तर आलं, "भावना समजून घे गं." भावना समजली. पण या गोष्टीतून जी बाई गळून पडते ती जन्मठेपेवर अंदमानला गेली होती, त्यामुळे मला ते तसंच सोडवेना.

पहिली काशीबाई. तिची हकिकत खुद्द जोतीरावांनी लिहून ठेवलीय. सुधारक-पत्रकार बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली, त्यावर जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ ला आपलं मत इंग्रजीत कळवलं. त्यात हे आहे. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांचे मित्र, इनाम कमिशनात (इनाम जमिनी तपासणाऱ्या सरकारी खात्यात) नोकरीला. त्यांच्या घरी काशीबाई स्वयंपाकीण होती. चांगल्या घरची, तरुण, देखणी, गरीब. शेजारचा एक शास्त्री तिच्या मागे लागला. तिने आधी दाद दिली नाही, शेवटी फसली. दिवस राहिले. मग त्याच्याच सांगण्यावरून पाडायची औषधं घेऊन झाली. उपयोग झाला नाही. नऊ महिने भरल्यावर मुलगा झाला. मुलगा सुंदर होता हेही जोतीराव नोंदवतात. अब्रूच्या भीतीने तिने सुरीने त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलीस आले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला, जन्मठेप, काळं पाणी.

खटला संपल्यासंपल्या जोतीरावांनी मित्राच्या साथीने स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. साल १८६३. नावावरून मोठी संस्था डोळ्यांसमोर येते, पण ती त्यांच्या घराच्या कुंपणाआतली जागा होती. छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर डकवल्या. या आणि गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय.

आता जो आकडा फॉरवर्डमध्ये कधीच नसतो तो. १८८४ पर्यंत या घरात पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. पस्तीसपैकी पाच मुलं जगली. तीस गेली. कारणही जोतीराव देतात: पोट लपवायला आयांनी आधीच जी विषारी औषधं घेतली होती, त्यांनी मुलं पोटातच अधू झालेली. म्हणजे दार उघडं होतं, पण त्या दारापर्यंत पोचायच्या आधी प्रत्येकीने काय काय गिळलं असेल याचा हिशेब त्या तीसमध्ये आहे.

दुसरी काशीबाई त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १८७४ च्या सुमारास. तीही ब्राह्मण विधवा, तीही गरोदर. ती या गृहात बाळंत झाली आणि तिचा मुलगा यशवंत. नाव सारखं, म्हणून गल्लत. पण मला वाटतं खरं कारण नाव नाही. दोघींची एक केली की सुरी आणि विहीर वगळता येते आणि शेवट गोड होतो.

आणि तो शास्त्री? काशीबाईचं नाव आपल्याला माहीत आहे, तिच्या मालकाचं माहीत आहे, मालकाचं खातंसुद्धा माहीत आहे. शास्त्र्याचं नाव जोतीरावांनीही दिलेलं नाही.

तुमच्या भागात, घरात याबद्दल काय बोललं जायचं (किंवा जायचं नाही), ते लिहा. हात जोडून विनंती: कुंती-कर्ण नको. त्यांच्यावर पुष्कळ धागे आहेत.

पुणेरी_भामटा (९:४२)

पहिला मी. आजवर मीपण एकच काशीबाई समजत होतो, शाळेत भाषणही ठोकलं होतं. बक्षीस परत करायला पाहिजे.

एक शंका. यशवंत दत्तक घेतला म्हणजे कागदोपत्री? त्या काळी परजातीतलं मूल दत्तक चालायचं का?

गोदाकाठ (९:५५)

जोतीरावांचं मृत्युपत्र आहे, १० जुलै १८८७ चं, रीतसर नोंदवलेलं. त्यात यशवंतला वारस केलंय. पुढे असंही आहे की तो लायक निघाला नाही तर दुसऱ्या लायक मुलाला द्यावं. वाचताना जरा चमकायला होतं, पण माणूस तसाच होता, पोराला रक्ताने ना सूट ना शिक्षा. १८८९ मध्ये हडपसरच्या ससाण्यांनी यशवंतला मुलगी दिली. "कोणाचा कोण" असल्या मुलाला मुलगी देणं म्हणजे त्या वेळी काय, हे वेगळं सांगायला नको. १८९७ च्या प्लेगात याच मुलाने हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालवला आणि तिथे रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. १० मार्च.

नाना_वकील (१०:२०)

धागा चांगला आहे. कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

(१) भारतीय दंडविधान १८६० चे, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. म्हणजे काशीबाईचा खटला नव्या कायद्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, मधली वाट नाही. बाळंतपणानंतरच्या मनःस्थितीत आईने मूल मारले तर तो वेगळा, सौम्य गुन्हा, असे इंग्लंडने १९२२ मध्ये केले. आपल्याकडे तसे कलम आजही नाही. याच दंडविधानात गर्भपात, मूल टाकून देणे आणि मृत अर्भक लपवून जन्म दडवणे, असे तीन वेगळे गुन्हे होते. आता न्याय संहिता आली, क्रमांक बदलले, गुन्हे तेच.

(२) ही अधिक गमतीची, म्हणजे गंमत कसली. विधवाविवाह कायदा १८५६ चा. काशीबाईला कायद्याने पुनर्विवाहाची मुभा होतीच. पण त्याच कायद्यात असे होते की विधवेने पुन्हा लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जातो. आणि १८८० साली प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचे लंडनमधले सर्वांत वरचे कोर्ट) आसामच्या मनीराम कोलिता खटल्यात निकाल दिला की नवऱ्याची मालमत्ता एकदा हाती आल्यावर विधवेचे पाऊल वाकडे पडले, तरी ती मालमत्ता काढून घेता येत नाही. दोन्ही एकत्र वाचा. उघड लग्न केले तर जमीन गेली, चोरून संबंध ठेवला तर राहिली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला होता, पण लोक ओरडले ते दुसऱ्या भागावर.

ता. क. अंदमानात गेलेल्या कैदी बायकांना काही वर्षांनी तिथल्या कैद्यांशी लग्न करायची परवानगी मिळत असे. त्या लग्नांतून आलेले लोक तिकडे आज 'लोकल बॉर्न' म्हणवतात. पुण्यात जे लग्न अशक्य होते ते काळ्या पाण्यावर सरकार लावून देत होते.

तिरकस_बाण (१०:३३)

चला, पुन्हा ब्राह्मणांच्या नावाने शंख. बाकीच्या जातींत सगळे सोवळे होते का? दीडशे वर्षांपूर्वीचं उकरून नक्की काय साधतं?

गोदाकाठ (१०:४८)

शंख नाही हो, जाहिरात कुठल्या भिंतीवर लावली तेवढंच सांगितलं. कुणबी, माळी, मराठ्यांत पाट लावता येत असे. तरुण विधवेला दुसरं घर मिळायचं, त्यामुळे हा विशिष्ट पेच तिथे इतका नव्हता. (वरच्या थरातल्या मराठ्यांनी पुढे ब्राह्मणांचं बघून पाट बंद केले, ही वेगळी रड.) बाकी जातींत काहीच नव्हतं असं मी कुठे म्हटलं? तिथे पेच वेगळा होता. त्यावर कोणीतरी लिहा.

शब्दवेल्हाळ (सोमवार, सकाळी ७:१५)

मी लिहितो, फक्त शब्दांच्या अंगाने.

ज्या गोष्टीबद्दल समाज बोलत नाही म्हणतो, तिच्यासाठी मराठीत शब्द किती आहेत बघा. अकरमासा किंवा अक्करमाशी: तोळ्याचे मासे बारा, याच्यात एक कमी, म्हणजे सोनं आहे पण कमअस्सल. लेकावळा: बटकीपासून किंवा ठेवलेल्या बाईपासून झालेला. कडू: सोयरीक जुळवताना अमकं घराणं गोड की कडू, अशी चौकशी व्हायची. विदर्भ-खानदेशाकडे जुनी माणसं हा शब्द अजून हळू आवाजात वापरतात. जारज हा पोथीतला. अनौरस हा सरकारी आणि वर्तमानपत्री. शिव्यांत तर अर्धा कोश याच विषयाचा आहे आणि त्यातली एकही शिवी बापाला लागत नाही. सगळ्या आईवरून.

उलट धर्मशास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. कुमारिकेचा तो कानीन. लग्नाच्या वेळी वधू गरोदर असेल तर सहोढ. घरात गुपचूप जन्मलेला, बाप कोण ते ठाऊक नाही, तो गूढज. पुन्हा लग्न केलेल्या बाईचा पौनर्भव. आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून वाढवलेला तो अपविद्ध. वाटा कमीजास्त, मान कमीजास्त, पण यादीत नाव तरी होतं. पुढे निबंधकारांनी (धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांनी) कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, म्हणून औरस आणि दत्तक सोडून बाकीचे खोडून टाकले. यशवंतला बसणारा शब्द 'अपविद्ध' म्हणावा का? तिथेही अडचण आहे, त्याला कोणी टाकलं नव्हतं.

(तिरकसराव, पेशवाईत शिंदळकीच्या आरोपात धरलेल्या बायका सरकारजमा होऊन कुणबिणी (म्हणजे दासी) म्हणून राबायच्या, विकल्या जायच्या. त्यांत बऱ्याच जातींच्या बायका होत्या. कुणबिणीचं पोर तेही कुणबीणच. तेव्हा निश्चिंत असा, वाटणी सगळ्यांत झाली आहे.)

नाना_वकील (७:५०)

शब्दवेल्हाळ यांना पुस्ती. मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्र-ग्रंथाप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मालमत्तेत वाटा, द्विजाच्या दासीपुत्राला फक्त पोटगी. इंग्रजी कोर्टांनी हे तसेच चालवले. त्यामुळे गेल्या शतकात कित्येक मराठा घराण्यांच्या वाटपाच्या दाव्यांत "आम्ही क्षत्रिय की शूद्र" हा वाद घातला गेला आणि त्याचे मूळ बहुधा एखाद्या लेकावळ्याचा वाटा बुडवण्यात असे. जात कोर्टात ठरायची, कारण वाड्यामागच्या खोलीतल्या बाईच्या पोराने दावा लावलेला असायचा.

वणीकर (११:०५)

आमच्या इकडची गोष्ट. १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांतांच्या जातीजमातींच्या जाडजूड ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी 'विदूर' अशी अख्खी जातच नोंदली आहे, नागपूर विभाग आणि वऱ्हाडातली. ब्राह्मण बाप आणि इतर जातींतली आई यांची संतती म्हणून. दुसरं नाव कृष्णपक्षी, म्हणजे अंधाऱ्या पंधरवड्यातले. नाव महाभारतातल्या विदुरावरून. धागाकर्तीने कर्णाला बंदी घातली, विदुराला नाही, म्हणून लिहितो. मुलं इतकी झाली की त्यांची जात झाली. शिकलेली, नोकरीपेशातली मंडळी, पण पंगतीत पाट वेगळा.

आता दीडशे वर्षांपूर्वीचं उकरायचं नसेल तर आजचं घ्या. माझ्या यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात 'कुमारी माता' हा सरकारी शब्द आहे. बहुतेक कोलाम आणि इतर आदिवासी मुली. बाहेरून रस्त्याच्या, जंगलाच्या, खाणीच्या कामावर आलेले ठेकेदार, मुकादम, ट्रकवाले, क्वचित एखादा साहेब. लग्नाचं वचन, काम संपलं की माणूस गायब. हे वर्षानुवर्षं पेपरात येतं, समित्या येतात, फोटो काढतात, जातात.

मी एका पोडावर (कोलामांची वस्ती) मतदार नोंदणीच्या कामाला गेलो होतो. एकीने पोराचा शाळेचा दाखला दाखवला. बापाच्या जागी नुसतं 'साहेब' लिहिलं होतं. मास्तराने विचारलं असेल बाप कोण, हिने जे म्हणत होती ते सांगितलं, त्याने लिहून घेतलं. तिला त्याचं नाव खरंच माहीत नव्हतं. मला तिथे बसवेना. फॉर्म भरला आणि निघालो.

मांडवी (दुपारी १:३०)

बाप रे, साहेब.

गोव्याचं थोडं. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी नोंदणीत अशा मुलांच्या बापाच्या जागी 'पाय इंकॉग्नितु' लिहीत. म्हणजे बाप अज्ञात. आईचं नाव स्वच्छ लिहिलेलं. माझ्या पणजीच्या नोंदीत तेच आहे आणि गावात प्रत्येकाला ठाऊक होतं की तिचा बाप देवळाच्या महाजनांपैकी कोण. घर त्यानेच बांधून दिलं होतं. संध्याकाळी गाणं ऐकायला यायचा. फक्त नोंदणी कचेरीला अज्ञात.

आम्ही कलावंत, भाविणींच्या (देवळाच्या सेवेतल्या बायकांच्या) घरांतले. घर आईच्या नावावर, वंश आईकडून, त्यामुळे घरात कधी कोणाला लाज वाटली नाही. लाज शाळेत शिकवली. पुढे समाजातल्या लोकांनीच चळवळ केली, सेषाची रीत (मुलीला देवाला वाहण्याचा विधी) मोडली, मुलं शिकवली आणि गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं. आज त्या घरांतले गवई, डॉक्टर, लेखक, मंत्री सगळे आहेत. पण चरित्रं वाचा, वडिलांच्या उल्लेखाशी आलं की वाक्य कसं आखडतं ते बघा.

एक मात्र पोर्तुगीज कायद्यात होतं. बापाने कागदावर मूल आपलं म्हणून मान्य केलं तर त्याला वारसा मिळायचा. किती महाजनांनी केलं हे विचारू नका.

पंचगंगा (२:१०)

शाहू महाराजांचं नाव अजून आलं नाही म्हणून. १९२० मध्ये करवीर संस्थानात जोगतिणी आणि अनौरस संतती यांच्या वारसाहक्काबद्दल कायदा झाला. देवाला सोडलेल्या मुलीचा बापाच्या घरातला हक्क तुटतो ही समजूत त्याने मोडली. मुंबई प्रांताला देवदासींचं लग्न कायदेशीर म्हणायला १९३४ उजाडलं.

चंद्रभागा (४:४५)

मी पंढरपूरची. फुल्यांच्या घरानंतर बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, आमच्या गावात प्रार्थना समाजाने अनाथ बालकाश्रम काढला. पुढाकार होता तिथले सबजज्ज लालशंकर उमियाशंकर यांचा. गुजराती माणूस, नोकरीनिमित्त आलेला. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि टाकलेल्या मुलांत भुकेने टाकलेलीही येऊन मिसळली. आज तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो.

पंढरपूरच का, तर यात्रा. विधवेला घराबाहेर काढायला कारण लागतं, आणि देवाला जाते म्हटलं की कोण विचारतो? माझी आजी म्हणायची, वारी संपली, सगळे परतले आणि एखादी सोवळी बाई "चातुर्मास करून येते" म्हणून मागे राहिली की बडव्यांच्या बायकाही समजून असायच्या. खोली भाड्याने देणारे होते, सुईणी होत्या, वाळवंट होतं. आश्रम निघायच्या आधी काय होत असेल ते वाळवंटाला ठाऊक. आजी हे सांगताना हातातली वात वळायची थांबायची नाही. तुळशीबागेतल्या दरांसारखं एका सुरात सांगायची.

तिकडे सुरतेला १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला हाच गुन्हा केल्याबद्दल फाशी सुनावली, पुढे शिक्षा कमी झाली. पुण्याच्या वर्तमानपत्राने त्यावरून समस्त बायकांची अब्रू काढली आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चिडून लिहायला बसल्या. १८८२ मध्ये छापूनही आणलं. त्यांचा मुद्दा गोदाकाठचाच आहे: पापात दोघं, पिंजऱ्यात एकटी.

तिरकस_बाण (५:०२)

वणीकर आणि चंद्रभागा, वाचलं. माझा कालचा प्रतिसाद जरा उथळ होता. तरी विचारतो, आता तर गर्भपाताचा कायदा आहे, दत्तक केंद्रं आहेत. आता कोण विहिरीत टाकतं?

नाना_वकील (५:३०)

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याच्या मागची समिती आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांची, १९६४ ची. पण मूळ कायद्यात गर्भनिरोधक फसले तर, ही सोय फक्त विवाहितेला होती. अविवाहितेपर्यंत ती यायला २०२१ ची दुरुस्ती आणि २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

मुलाचे म्हणाल तर: पोटगी औरस-अनौरस दोघांनाही आहे. वारसा मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अनौरस मुलाला आईकडून, बापाकडून नाही. लग्न झाले पण ते कायद्याने रद्दबातल होते, उदाहरणार्थ दुसरी बायको, तर त्या मुलांना बापाच्या वाट्यात हक्क आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतल्या बापाच्या हिश्शाबाबतही सप्टेंबर २०२३ मध्ये तसे स्पष्ट झाले. लग्नच नसेल तर नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करायची सक्ती नाही. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव.

निवृत्त_ताई (रात्री ९:२५)

तिरकस, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी आज पहिल्यांदा इथे लिहितेय. एका दत्तक संस्थेत बावीस वर्षं समाजसेविका होते. गावाचं, संस्थेचं नाव देत नाही.

दाराशी पाळणा होता. मूल ठेवलं की आत घंटा वाजायची आणि आम्ही मुद्दाम सावकाश जायचो, ठेवणारीला निघून जायला वेळ मिळावा म्हणून. पण पाळण्यात येणारी मुलं थोडी. बऱ्याच मुली आधीच यायच्या, सहाव्या-सातव्या महिन्यात, कारण तोवर घरच्यांना कळलेलंच नसायचं. आई बरोबर असायची. घरी सांगितलेलं असायचं: नर्सिंगचा कोर्स, मावशीकडे, कंपनीत ट्रेनिंग. अजून सोबत असायचा सैल पंजाबी ड्रेस आणि अंगावर शाल, मे महिना असला तरी.

पूर्वी बाळंतीण दहा-बारा दिवसांत सही करून जायची. आता बाल कल्याण समितीपुढे सही होते आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात. कायदा चांगला आहे. माझ्या बावीस वर्षांत त्या मुदतीत परत आलेल्या दोन. पैकी एकीला मूल घेऊन जाताना मी पाहिलं, दुसरी दारातूनच फिरली.

मला जे विसरता येत नाही ते दूध. मूल दुसऱ्या खोलीत, वरच्या दुधावर. हिला दाखवायचं नाही अशी आमची पद्धत, लळा लागू नये म्हणून. (आज वाटतं, कोणी ठरवली होती ही पद्धत?) पण पलीकडे कोणतंही मूल रडलं की हिचं पोलकं भिजायचं. आम्ही छातीला घट्ट पट्टा बांधायचो, गोळ्या द्यायचो. एक मुलगी होती, अठराची असेल, पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून मला म्हणाली, "ताई, हे कसं बंद करायचं? घरी आईला कळेल." आई तिच्या शेजारच्याच खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "बाबांना म्हणायचंय तिला."

कागदावर मुलाच्या बापाचा रकाना असायचा. मी विचारायचे. नाव बहुतेकींना माहीत असायचं, पण लिहायचं नसायचं. जिजाजी, काका, सर असले शब्द कानात पुटपुटायच्या. मी रकान्यात आडवी रेघ ओढायचे. तेव्हा वाटायचं मुलीची अब्रू राखतेय.

पुणेरी_भामटा (९:५८)

ताई, काय लिहू कळत नाही. वाचलं एवढं सांगतो.

लीना_टोरांटो (मंगळवार, पहाटे ३:४०)

इथे संध्याकाळ आहे. ताईंचं वाचून दोन दिवस डोक्यात होतं ते लिहिते.

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्याची नवी आवृत्ती निघतेय, म्हणून समितीने सगळ्यांना माहितीचा तक्ता पाठवला. जुन्या आवृत्तीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे तीन भाऊ आणि "कन्या: नाहीत" असं आहे. पण बहीण होती. आजीने मला सांगितलं होतं. नाव द्वारका. लग्न आठव्या वर्षी, दहाव्या वर्षी परत माहेरी. वाड्यात मागच्या चौकात एक विहीर होती, तिचं पाणी कोणी प्यायचं नाही, फक्त झाडांना. आम्ही मुलं विचारायचो का, तर मोठी माणसं म्हणायची खारं आहे. मी एकदा चाखून पाहिलं होतं. गोड होतं.

आजीने सांगितलं ते इतकंच, की द्वारकेला पोलीस घेऊन गेले आणि त्यानंतर तिचं नाव कोणी घेतलं नाही.

मी तक्त्यात "कन्या: द्वारका" लिहून पाठवलं. समितीतल्या काकांचा निरोप आला, अगदी सौम्य भाषेत, की पुरावा जोडावा, अन्यथा जुन्या आवृत्तीप्रमाणे छापू. पुरावा कुठून आणू?

गोदाकाठ (सकाळी ६:५५)

लीना, थांब. नानांना विचारू. नाना?

नाना_वकील (७:४०)

आहे. पोलीस आले म्हणजे खटला झाला असणार, खटला झाला म्हणजे कागद झाला असणार. सेशन कोर्टाचे जुने दप्तर जिल्ह्याला टिकले असेलच असे नाही, पण शिक्षा मोठी असेल तर प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलेले असते, आणि न्यायखात्याचे जुने खंड मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. नावावरून शोधणे जड जाते, साल लागते. साल सांगता येईल?

लीना_टोरांटो (७:५२)

साल नाही. आजी म्हणायची, प्लेगच्या आधी. आणि पणजोबांची मुंज झाली होती, ते कोर्टाच्या बाहेर टांग्यात बसून होते. ते १८७९ चे.

नाना_वकील (८:०५)

मुंज आठव्या-दहाव्या वर्षी धरली तर १८८७ ते १८९६. दहा वर्षे, फार नाहीत. पुढच्या महिन्यात माझे मुंबईला जाणे आहे. तालुका आणि आडनाव इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. खटला सासरच्या नावाने चालला असेल.

लीना_टोरांटो (८:११)

सासरचं आडनाव मला माहीत नाही. आईला फोन करते, तिच्याकडे रात्र झाली की नाही बघून. थांबा. तिच्याकडे सकाळच आहे.

लीना_टोरांटो (८:४९)

व्यनि केला आहे.